मोजणीत न आलेली भाषा : ठाणे जिल्ह्यातली कातकरी

भाषा मरते म्हणजे काय होतं, असं कुणी विचारलं की आपल्याला बहुधा एखादी बातमी आठवते. २६ जानेवारी २०१० रोजी अंदमानात बोआ सीनियर नावाच्या वृद्ध बाई वारल्या आणि त्यांच्याबरोबर 'बो' ही भाषा बोलणारं शेवटचं माणूस गेलं. जगभरच्या वर्तमानपत्रांनी ती बातमी छापली. बातमीला चेहरा होता, तारीख होती, आवाजाचं ध्वनिमुद्रणही होतं.

आज आम्ही ज्या भाषेबद्दल बोलणार आहोत, तिच्याबद्दल अशी बातमी कधीच येणार नाही. ती बोलणारी माणसं कल्याणहून कसाऱ्याच्या गाडीत बसलात तर तासाभरात भेटतात. मुरबाड, शहापूर, भिवंडी, अंबरनाथ, आणि घाटाच्या कडेने खाली रायगडात कर्जत-खालापूर-पेण-सुधागड, तिकडे पालघरात वाडा-विक्रमगड, अशा पट्ट्यात त्यांच्या वाड्या आहेत. माणसं संपत चाललेली नाहीत, उलट वाढताहेत. तरी भाषा जातेय. हे कसं काय, ते आज समजून घ्यायचं आहे.

पण आधी थोडं लांब जाऊन येऊ, म्हणजे जवळचं नीट दिसेल. पश्चिम सैबेरियात चुलिम नावाची नदी आहे, पुढे ती ओब नदीला मिळते. तिच्या काठच्या जंगलात शिकार आणि मासेमारी करून राहणारे लोक म्हणजे चुलिम. त्यांची भाषा तुर्की कुळातली, आजूबाजूला सगळीकडे रशियन. दोन्हींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. एक बोलणारा दुसऱ्याला काही कळणार नाही, इतकं अंतर. २०१० च्या रशियन जनगणनेत स्वतःला चुलिम म्हणवणारे फक्त ३५५ लोक निघाले, आणि भाषा येणारे त्यातलेही थोडेच.

या लोकांची एक गंमत, गंमत कसली, शोकांतिकाच म्हणा. १९५९ पासून १९८९ पर्यंतच्या सोव्हिएत जनगणनांमध्ये चुलिम हे नावच नव्हतं. शेजारच्या खाकास लोकांमध्ये त्यांना घालून टाकलं होतं. म्हणजे माणसं होती, घरं होती, बोली होती, पण कागदावर रकाना नव्हता. २००० साली रशियाने अल्पसंख्य मूळनिवासींची यादी केली, तेव्हा त्यांचं नाव परत आलं. एवढ्या काळात निवासी शाळा झाल्या, लहान गावं मोडून मोठ्या वस्त्यांत माणसं आणली गेली, आणि घरात रशियन शिरली.

२००३ च्या सुमारास डेव्हिड हॅरिसन आणि ग्रेग अँडरसन हे दोन भाषाशास्त्रज्ञ तिथे गेले. गावोगावी म्हाताऱ्या माणसांना भेटत होते. त्यांच्याबरोबर गाडी चालवायला एक पन्नाशीचा माणूस होता, वासिली गाबोव. दोन-तीन दिवस तो गप्प बसून सगळं ऐकत होता. आणि मग कळलं की भाषा उत्तम येणाऱ्यांतला सगळ्यात तरुण म्हणावा असा हाच! त्याने पूर्वी रशियन अक्षरं वापरून आपल्या भाषेत रोजनिशी लिहायला सुरुवात केली होती. कुणा रशियन ओळखीच्याने ती पाहिली, टर उडवली, आणि याने ती वही टाकून दिली. पुढे 'द लिंग्विस्ट्स' नावाचा माहितीपट आला २००८ मध्ये, त्यात हा गाबोव दिसतो. तुम्हाला जमलं तर जरूर बघा.

हा किस्सा एवढ्यासाठी सांगितला की त्यातल्या दोन गोष्टी आपल्याला पुढे लागणार आहेत. एक, कागदावर रकाना नसणं. दुसरी, भाषा येत असून न सांगणं.

आता ठाणे जिल्ह्याकडे वळू. कातकरी किंवा काथोडी हे नाव पडलं ते कातावरून. आपण पानाला लावतो तो कात. खैराचं झाड तोडायचं, वरचं पांढरं लाकूड काढून टाकून आतला लाल गाभा घ्यायचा, त्याच्या ढलप्या करायच्या, त्या मडक्यांत तासन् तास उकळायच्या, रस आटवून घट्ट झाला की वड्या पाडायच्या. हा यांचा धंदा होता. कात पाडण्याच्या मोसमात अख्खं कुटुंब जंगलात मुक्कामाला असायचं. १८७८ च्या वनकायद्यानंतर जंगलं राखीव होत गेली, खैर तोडणं गुन्हा ठरला, आणि नाव तेवढं उरलं. मग कोळशाच्या भट्ट्या, मग वीटभट्ट्या.

कातकऱ्यांमध्ये सोन कातकरी आणि ढोर कातकरी असे मुख्य भेद सांगतात. रामाला मदत करणाऱ्या वानरांपासून आपण झालो अशी त्यांची एक कथाही आहे. मुंबईत ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे ते जॉन विल्सन, त्यांनी वारली आणि काथोडी या उत्तर कोकणातल्या दोन जमातींवर १८४३ साली एक लेख छापला. म्हणजे लिहिणाऱ्यांचं लक्ष या लोकांकडे जाऊन पावणेदोनशेहून जास्त वर्षं झाली. १९३४ मध्ये वेलिंग यांचं कातकऱ्यांवरचं इंग्रजी पुस्तक आलं. आपल्याकडे मिलिंद बोकील यांचं 'कातकरी : विकास की विस्थापन?' हे पुस्तक तुमच्यापैकी अनेकांनी वाचलं असेल, नसेल तर वाचा.

सरकारदरबारी महाराष्ट्रातल्या तीन जमाती 'विशेषतः असुरक्षित आदिवासी गट' या यादीत आहेत. कोलाम, माडिया गोंड आणि कातकरी. पैकी आपल्या दाराशी असलेली ही एकच. २०११ च्या जनगणनेत राज्यात कातकऱ्यांची संख्या सुमारे २ लाख ८५ हजार होती, २००१ मध्ये २ लाख ३५ हजार. दहा वर्षांत ५० हजारांची वाढ.

आणि कातकरी भाषा बोलणारे किती? इथे येऊन गाडी अडते. २०११ च्या जनगणनेत 'तुमची मातृभाषा कोणती' या प्रश्नाला लोकांनी दिलेली नावं होती १९,५६९. छाननी करून ती १,३६९ वर आली. त्यातून दहा हजारांहून जास्त बोलणारे असलेल्या २७० मातृभाषा वेगळ्या काढल्या आणि त्या १२१ भाषांच्या छत्राखाली बसवल्या. या यादीत भिली गटाखाली वारली सापडते, कोकणा सापडते, पारधी सापडते. कातकरी सापडत नाही. दहा हजारांखालची नावं छापायची नाहीत हा दंडक १९७१ पासून आहे. ती सगळी 'इतर' या रकान्यात जातात. १९६१ च्या जनगणनेत १,६५२ मातृभाषांची नावं होती, पुढच्या वेळी एकदम शंभर-सव्वाशेच्या आत. गणेश देवी हा मुद्दा वर्षानुवर्षं मांडत आलेत, आणि त्याच ओढीतून त्यांनी भारतीय भाषांचं लोकसर्वेक्षण उभं केलं. त्याचा महाराष्ट्राचा खंड अरुण जाखडे यांनी संपादित केला. त्यात कातकरीला जागा मिळाली. लोकांनी केलेल्या मोजणीत ती आहे, सरकारी मोजणीत नाही.

पण सगळा दोष जनगणनेवर टाकून मोकळं होता येणार नाही. प्रगणक दारात येतो, तो मराठीतून विचारतो, घरातला माणूस मराठीतून उत्तर देतो. मातृभाषा? मराठी. लिहून झालं. विचारणारा घाईत असतो, आणि सांगणाऱ्याला आपण घरात बोलतो त्याला 'भाषा' म्हणायचं असतं हे कुणी कधी सांगितलेलंच नसतं. त्यालाही ती 'आमची वाकडीतिकडी मराठी' वाटते. वासिली गाबोवला निदान एवढं पक्कं ठाऊक होतं की आपण रशियन बोलत नाही!

इथेच कातकरीचं दुखणं चुलिमपेक्षा वेगळं होतं. चुलिम रशियनपासून लांब आहे. कातकरी मराठीच्या जवळ आहे, आणि जवळ असणं हेच तिच्या मुळावर आलंय.

किती जवळ? ग्रियर्सनच्या भाषिक पाहणीचा सातवा खंड १९०५ साली आला, तो मराठीचा खंड. त्याचं काम प्रामुख्याने स्टेन कोनो या नॉर्वेजियन पंडिताने केलेलं. त्यात कातकरीला मराठीच्या कोकणातल्या बोलींमध्ये बसवलंय. पण कोनोच्या लक्षात आलं होतं की हिचा सांगाडा थोडा निराळा दिसतो. ती मूळची भिली-खानदेशीच्या जवळची असावी आणि कोकणात राहून हळूहळू मराठीकडे सरकत गेली असावी, असं त्याला वाटलं. याची एक खूण अगदी साधी आहे. मराठीत मालकी दाखवायला आपण 'चा-ची-चे' लावतो. गुजरातीत 'नो-नी-नुं' आहे. अहिराणीत 'माझा' याला 'मन्हा' म्हणतात, म्हणजे तिथेही 'न'च. कातकरीही या 'न'च्या घरातली. आता प्रत्यय म्हणजे काही भाजी नव्हे, की आज शेजाऱ्याकडून आणली. शब्द उसने घेता येतात, प्रत्यय सहसा सोबत आणावे लागतात. तेव्हा या एका 'न'वरून ही माणसं, निदान त्यांची बोली, कुठून आली असेल याचा माग काढता येतो. लेखी इतिहास नसलेल्या लोकांचा इतिहास असा व्याकरणात दडलेला असतो.

मात्र त्या पाहणीचा एक परिणाम असा झाला की एकदा मराठीच्या खंडात नाव गेलं, ते तिथेच राहिलं. 'सरकत गेलेली' हा बारकावा गळला, 'मराठीची बोली' हे लेबल उरलं.

जवळची भाषा कशी जाते, ते बघा. लांबची भाषा जाते तेव्हा माणूस ती सोडतो आणि दुसरी धरतो. सोडल्याचं त्याला कळतं. जवळची भाषा गोधडीसारखी जाते. एक चिंधी विरली, तिथे नवं ठिगळ लावलं. मग दुसरं, तिसरं. गोधडी तीच आहे असं घरातल्या सगळ्यांना वाटत राहतं, आणि एक दिवस मूळचं कापड एक वीतभरही उरलेलं नसतं. आधी नात्यांची नावं बदलतात, कारण शाळेच्या पुस्तकात 'आई, बाबा, ताई, दादा' आहेत. मग आकडे. मग वार, महिने, पैसे. क्रियापदांची शेपटं टिकतात बरीच वर्षं, पण तीच ऐकून वर्गातली पोरं हसतात, म्हणून मूल ती सुधारून घेतं. 'सुधारून' म्हणजे मराठी करून. या सगळ्यात अमुक दिवशी कातकरी संपली असं म्हणता येईल असा दिवसच येत नाही. बोआ सीनियरसारखं शेवटचं माणूसच नाही. बातमी कुणाची छापणार?

भाषा धोक्यात आहे का, हे ओळखायला अभ्यासकांनी बऱ्याच मोजपट्ट्या केल्यात. युनेस्कोने २००३ मध्ये नऊ कसोट्या दिल्या, त्याआधी १९९१ मध्ये जोशुआ फिशमन यांनी आठ पायऱ्यांची उतरंड मांडली. सगळ्यांच्या मुळाशी प्रश्न एकच. आजी नातवाशी कुठल्या भाषेत बोलते? बोलणारे दहा हजार असोत की दहा लाख, ही साखळी तुटली की पुढच्या तीस-चाळीस वर्षांचा हिशेब झाला म्हणायचं. वाडीवर गेलात तर हे कानांनी तपासता येतं. म्हातारी माणसं आपसांत कातकरी बोलतात. आई-बाप एकमेकांशी कातकरी, पण पोराला हाक मारताना मराठीवर येतात. पोरं आपसांत मराठी. सगळीकडे असंच आहे असं नाही, आतल्या वाड्यांवर लहान मुलंही सुरेख बोलतात. पण रस्त्याच्या कडेला, शहराच्या जवळ आलात की हे चित्र ठळक होत जातं.

का असं? कारणं जंगलात नाहीत, रोजगारात आहेत. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबं उचल घेऊन वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडाशी परततात. कल्याण, भिवंडी, शहापूर, वाडा, सगळीकडे भट्ट्या. पूर्वी याच जिल्ह्यात 'लग्नगडी' म्हणून प्रकार होता. लग्नासाठी चारशे-पाचशे रुपये कर्ज घ्यायचं आणि नवरा-बायकोने वर्षानुवर्षं सावकाराकडे राबायचं. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यानंतरही ते चालू होतं. विवेक पंडित आणि त्यांच्या श्रमजीवी संघटनेने ऐंशीच्या दशकात त्याविरुद्ध मोठी लढाई दिली. भट्टीवर पालासारखी झोपडी असते, तिला भोंगा म्हणतात. तिथल्या मुलांसाठी विधायक संसदेने 'भोंगा शाळा' काढल्या, नावच बोलकं आहे. तर सांगायचा मुद्दा, वर्षाचे सहा-सात महिने जी माणसं दुसऱ्याच्या दारात, मुकादमाच्या भाषेत जगतात, त्यांची स्वतःची भाषा फक्त वाडीवर उरते. आणि ती वाडी तरी त्यांची कुठे आहे? पुष्कळ कातकरी वाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर आहेत, घराखालची जागा नावावर नाही. कर्जत-मुरबाडकडे फार्महाउसची जाहिरात आपण ठाण्या-डोंबिवलीच्या स्टेशनवर रोज वाचतो. जमीन विकली गेली की वाडी उठते, घरं चार ठिकाणी पांगतात. भाषेला एकत्र राहणारी पन्नास घरं लागतात हो. चार ठिकाणची बारा-बारा घरं भाषा टिकवू शकत नाहीत.

आता शाळा. वाडीवरचं सहा वर्षांचं पोर पहिलीत किंवा आश्रमशाळेत बसतं. गुरुजी मराठीतून बोलतात. पोराला निम्मं कळतं, निम्मं कळत नाही. ही निम्मी स्थिती फार फसवी असते. त्याच जागी तेलुगू बोलणारं मूल असतं तर गुरुजींना पहिल्याच दिवशी कळलं असतं की याची भाषा वेगळी आहे, याला वेगळ्या पद्धतीने शिकवावं लागेल. इथे गुरुजींना वाटतं, मराठी तर येतं याला, मग उत्तर का देत नाही? मंद असेल. लाजाळू असेल. घरी अभ्यास घेत नसतील. भाषेचा प्रश्न डोक्याचा प्रश्न म्हणून नोंदला जातो, आणि चौथी-पाचवीत ते पोर भट्टीवर आई-बापांबरोबर निघून जातं. राज्यघटनेच्या ३५०-अ या कलमात प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय सांगितली आहे. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही तेच म्हणतं. पण दाखल्यावर मातृभाषा 'मराठी' लिहिली असेल, तर मराठी शाळेत घालून सरकारने आपलं कर्तव्य पार पाडलंच की! कागदोपत्री कुठेच चूक नाही.

केंद्राची संकटग्रस्त भाषांसाठी एक योजना आहे, म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानामार्फत २०१३ पासून चालते. तिची अट, दहा हजारांपेक्षा कमी बोलणारे हवेत. कातकरी बोलणारे किती ते मोजलेलंच नाही, तर अट पूर्ण होते की नाही हे सांगणार कोण? दुसरीकडे असुरक्षित आदिवासी गटांसाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये पीएम-जनमन योजना सुरू झाली. पक्की घरं, रस्ते, नळ, वीज, फिरते दवाखाने, वसतिगृहं, मोबाइल टॉवर अशी अकरा कामं तिच्यात आहेत. सगळी हवीतच, त्याबद्दल दुमत नाही. भाषा त्या अकरात नाही. आणि ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा ठाण्या-डोंबिवलीत आपण पेढे वाटले. वाटायलाच हवे होते. फक्त आपली मराठी इथे कुणाची थोरली बहीण आहे, एवढं ध्यानात असू द्यावं.

'जवळच्या बोली अशाच जायच्या, त्याला इलाज नाही' असंही काही जण म्हणतात. आम्हाला ते पटत नाही, आणि त्याचा पुरावा डोंबिवलीतच आहे. आगरी बोली मराठीच्या किती जवळ आहे! तरी तिचा डोंबिवलीत महोत्सव भरतो, हळदीच्या गाण्यांवर बिगर-आगरी नाचतात, तिच्यात नाटकं होतात, विनोदी चित्रफिती निघतात. फरक भाषेत नाही. आगऱ्यांकडे जमीन होती, त्या जमिनीला भाव आला, राजकारणात माणसं गेली, लग्नमांडव मोठे झाले आणि मांडवाबरोबर बोलीलाही व्यासपीठ मिळालं. वारलींकडे चित्र होतं. जिव्या सोमा म्हशे यांनी ते जगभर नेलं, आणि वारली हे नाव निदान सगळ्यांच्या तोंडी बसलं. कातकऱ्यांकडे ना जमीन, ना जगाला दाखवता येईल असं चित्र. त्यांच्याजवळ जे आहे ते तोंडी आहे, त्यामुळे ऐकल्याशिवाय ते दिसत नाही.

काय आहे ते? जूनमध्ये पहिला पाऊस पडला की कल्याण, डोंबिवली, ठाणे स्टेशनबाहेर आदिवासी बाया शेवळं घेऊन बसतात. कातकरी असतील, ठाकर असतील, वारली असतील, आपण विचारत नाही. शेवळाबरोबर त्या हिरवी बारीक काकडं ठेवतात. ती का, तर शेवळं घशाला खाजतात आणि काकडाच्या आंबटपणाने ती खाज मरते. हे आता प्रत्येक मराठी पाककृतीत लिहिलेलं असतं. पण शेवळाचा कोंब नेमका कुठल्या जमिनीत येतो, पाऊस किती झाला की वर येतो, त्याच्यासारखा दिसणारा कुठला खायचा नाही, करांदे कधी खणायचे आणि किती पाण्यात उकळल्यावर कडूपणा जातो, खेकड्याचं बीळ आणि सापाचं बीळ यांत फरक काय, हे स्टेशनबाहेर विकायला येत नाही. ते आईकडून मुलीला रानात चालता चालता मिळतं, आणि ज्या शब्दांत मिळतं ते शब्द तिकडचे आहेत. बाजारात बाई आपल्याला 'शेवळं', 'कंटोळी', 'टाकळा', 'भारंगी' अशी आपल्याला कळतील ती नावं सांगते. गिऱ्हाईकाशी गिऱ्हाईकाच्या भाषेत बोलायचं हे ती जाणते. आपल्याला वाटतं, बघा, सगळं मराठीत तर आलंय. आलंय ते जेवढं विकलं जातं तेवढंच.

ठाण्याने यापूर्वी एक भाषा गमावलेली आहे, हेही सांगायला हवं. पोर्तुगीजांच्या काळात ठाणे, साष्टी, वसई, चौल या भागातल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठी मिळून एक मिश्र भाषा तयार झाली होती. १७३७ मध्ये ठाणे मराठ्यांनी घेतलं, १७३९ मध्ये वसई पडली. पोर्तुगीज गेले, पण ही भाषा पुढे दीडशेहून जास्त वर्षं बोलली जात होती. गोव्याचे मोन्सिग्नोर दालगादो यांनी १९०६ मध्ये तिचं वर्णन छापून ठेवलं. पुढे ठाण्यातून ती गेली. तिची बहीण मात्र अलिबागेच्या दक्षिणेला कोर्लईच्या किल्ल्याखाली आजही काही शे माणसं बोलतात, आणि तिच्यावर क्लेमेंट्स या अमेरिकन अभ्यासकाचं अख्खं पुस्तक आहे. ठाण्यातल्या त्या भाषेबद्दल आपण आज चार वाक्यं बोलू शकतो ती दालगादोंमुळे. त्यांनी वेळेत कान दिला.

व्याख्यानानंतर हमखास येणारे दोन प्रश्न आम्ही इथेच घेतो.

पहिला प्रश्न, कातकरी आई-बापांनाच मुलं मराठी-इंग्रजी बोलायला हवी असतील तर आपण कोण सांगणारे? बरोबर आहे. कुणी कुणाला सांगू नये. भट्टीच्या मालकाशी हिशेब घालायला, ग्रामसभेत वनहक्काचा दावा करायला मराठी लागते, आणि ती चांगली यायला हवी. पण मराठी यायला कातकरी जावी लागते, हे कुणी ठरवलं? आपल्यातले किती जण घरी मालवणी, कचेरीत मराठी, गाडीत हिंदी आणि मेलवर इंग्रजी वापरतात! आपल्याला चार भाषा झेपतात आणि कातकरी पोराला दोन झेपणार नाहीत, असं मानायला काही आधार नाही. उलट पहिली दोन वर्षं घरच्या भाषेचा आधार मिळाला तर पुढची मराठी पक्की होते. सोडायचीच असेल तर ती त्यांनी खुशीने सोडावी. हसल्यामुळे सोडलेली भाषा खुशीने सोडलेली नसते.

दुसरा प्रश्न, मग करायचं काय? मोठ्या गोष्टी सरकारच्या हातात आहेत, त्यावर आम्ही बोललो. जवळच्या सांगतो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने मराठीच्या बोलींची नवी पाहणी केली आहे. ग्रियर्सनच्या वेळी एकच ठरलेली गोष्ट, बायबलमधली उधळ्या मुलाची, प्रत्येक बोलीत भाषांतर करून मागवायचे. आता लोकांना छोट्या चित्रफिती दाखवतात, 'यात काय घडलं ते सांगा' म्हणतात, नात्याची नावं विचारतात, आणि ते आवाजासकट महाजालावर ठेवतात. ते ऐका. आपल्याच जिल्ह्यात माणसं किती तऱ्हांनी बोलतात ते कळेल. तुमच्यापैकी कुणी मुरबाड-शहापूरला शिक्षक असाल तर पहिलीच्या वर्गात शंभर शब्दांची एक वही ठेवा, मुलांनीच सांगितलेल्या शब्दांची. 'याला तुमच्यात काय म्हणतात?' एवढं विचारायचं, आणि ऐकताना हसायचं नाही. आणि पुढच्या जनगणनेत प्रगणक म्हणून काम बहुधा तुमच्यातल्याच शिक्षकांना येईल. वाडीवर गेलात तर मातृभाषेच्या रकान्यात स्वतःहून 'मराठी' लिहू नका. "घरात पोरांच्या आजीशी कसं बोलता?" असं विचारा, आणि त्या माणसाने जे नाव सांगितलं ते, त्याने सांगितलं तसंच लिहा.